उपग्रहाच्या चित्रात आपला पाऊस कसा वाचायचा: सातारा-सांगलीकरांसाठी

एप्रिलचा पहिला आठवडा होता. तासगाव तालुक्यातल्या आमच्या शेडवर बेदाणा रॅकवर पसरून बारा दिवस झाले होते. तीन-चार दिवसांत माल खाली काढायचा होता. डोक्यावर कडक ऊन, आभाळ निळंशार. दुपारी चारच्या उपग्रह-चित्रात जतच्या बाजूला एक पांढरा ठिपका दिसला, ज्वारीच्या दाण्याएवढा. साडेचारच्या चित्रात तो हरभऱ्याएवढा झाला. साडेपाचच्या चित्रात त्याचा गाभा कवठेमहांकाळवर आला होता. जत ते कवठेमहांकाळ सरळ रेषेत ३५-३७ किलोमीटर, म्हणजे ढग तासाला साधारण २५ किलोमीटरने पश्चिमेकडे सरकत होता. तिथून आमची शेड २८ किलोमीटर, म्हणजे पावणेसातच्या आसपास पाऊस येणार. ते चित्र हातात पडेपर्यंत सहा वाजले होते. पाऊण तासात दोन्ही बाजूंचे कागद सोडून बांधले. सातला दहा मिनिटं कमी असताना वारा सुटला आणि वळीव कोसळला. माल कोरडा राहिला.

पाटणजवळ राहणाऱ्या माझ्या मेहुण्यांना हा प्रकार इतका आवडला, की जुलैत त्यांनीही रोज चित्र बघायला सुरुवात केली. पाच दिवसांनी फोन आला: "दाजी, तुमच्या चित्रात आमच्यावर फिकट करडं आभाळ दिसतंय, आणि इथं रात्रभर धुवाधार चाललाय!" त्यांचं म्हणणं बरोबर होतं आणि चित्रही खोटं नव्हतं. आपल्या दोन जिल्ह्यांत दोन वेगळ्या जातींचे पाऊस पडतात. पूर्वेकडच्या वळवाबद्दल उपग्रह भरपूर सांगतो, घाटातल्या मॉन्सूनबद्दल फार कमी सांगतो. हा फरक ओळखून चित्र कसं वाचायचं, ते इथे क्रमाने सांगतो.

आधी तयारी

मोबाईलवर काम भागतं, पण शिकताना संगणकाचा मोठा पडदा बरा. तीन ठिकाणं जतन करून ठेवा. पहिलं भारतीय हवामान विभागाच्या संकेतस्थळावरचं उपग्रहाचं पान आणि त्यांचंच 'रॅपिड' नावाचं साधन. रॅपिडमध्ये चित्र मोठं करता येतं, सीमा घालता येतात आणि मागची चित्रं एकापाठोपाठ चालवता येतात. दुसरं 'मॉसडॅक', इस्रोच्या अहमदाबादच्या स्पेस ॲप्लिकेशन्स सेंटरचं. तिसरं नासाचं 'वर्ल्डव्ह्यू'. तिन्हीकडे चित्रं बघायला पैसे लागत नाहीत.

आपल्याला रोज लागणारी चित्रं इन्सॅट मालिकेतून येतात. इन्सॅट-३डीआर ८ सप्टेंबर २०१६ रोजी आणि इन्सॅट-३डीएस १७ फेब्रुवारी २०२४ रोजी सोडला गेला. दोन्ही विषुववृत्तावर सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर पृथ्वीच्याच गतीने फिरतात, त्यामुळे आपल्याला ते एकाच जागी थांबल्यासारखे असतात. ३डीआरची जागा ७४ अंश पूर्व रेखांशावर आहे, आणि सातारा शहरही जवळजवळ नेमकं ७४ अंशांवरच आहे. साताऱ्यात दक्षिणेकडे तोंड करून आभाळाच्या साधारण तीन-चतुर्थांश उंचीवर नजर लावली, की तिथे कुठेतरी तो आहे. डोळ्यांना दिसत नाही, पण मला त्या दिशेला बघायला आजही आवडतं.

तो सरळ डोक्यावर नसून दक्षिणेला असल्याचा एक परिणाम लक्षात ठेवा. तो ढगाकडे तिरकस बघतो. म्हणून बारा किलोमीटर उंचीचा ढगाचा माथा चित्रात खऱ्या जागेपेक्षा चार-पाच किलोमीटर उत्तरेला दिसतो. तालुका पाहताना हे चालून जातं, गाव पाहताना नाही.

पुढची पायरी म्हणजे आपल्या गावाचे अक्षांश-रेखांश वहीत लिहून ठेवणं. सांगली १६.८५ उत्तर, ७४.५७ पूर्व. कोयना धरण १७.४० उत्तर, ७३.७५ पूर्व. चित्रात जिल्ह्याची सीमा असते, गावाचं नाव नसतं, आणि अंदाजाने बोट ठेवलं की वीस-तीस किलोमीटर सहज चुकतात.

घड्याळ

नवखा माणूस सर्वांत जास्त इथेच चुकतो. बऱ्याच चित्रांवर यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ छापलेली असते. तिच्यात साडेपाच तास मिळवले की आपली वेळ येते. १०३० म्हणजे दुपारचे चार, १४३० म्हणजे रात्रीचे आठ, ००३० म्हणजे सकाळचे सहा. मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंतच्या चित्रावर आदल्या दिवसाची तारीख असते, त्यामुळे "चित्र जुनंच आहे" असं वाटून माणसं पान बंद करतात. दुसरं असं, की चित्र घेतल्यावर ते आपल्यापर्यंत यायला वीस-तीस मिनिटं लागतात. तुम्ही बघता तो ढग अर्ध्या तासापूर्वीचा असतो. वरच्या हिशेबात म्हणूनच मी साडेपाचपासून मोजलं, सहापासून नाही.

तीन चित्रं, तीन वेगळे प्रश्न

पहिलं दृश्य प्रकाशाचं चित्र, म्हणजे आभाळाचा वरून काढलेला साधा फोटो. ते फक्त दिवसा मिळतं. त्यातला एक ठिपका जमिनीवरच्या साधारण एक किलोमीटरएवढा, म्हणून तिन्हींत हे सर्वांत बारीक. दाट ढग पांढराशुभ्र दिसतो, विरळ ढग करडा. दुपार कलल्यावर उंच ढगांची सावली शेजारच्या ढगांवर पडते, तीही दिसते.

दुसरं अवरक्त चित्र. हे रात्रीही मिळतं, कारण ते प्रकाश नव्हे, उष्णता मोजतं. एक ठिपका चार किलोमीटरचा. वर जावं तशी हवा थंड होते, त्यामुळे ढगाचा माथा जितका थंड तितका ढग उंच. थंड भाग पांढरा दाखवतात, तापलेली जमीन काळपट. रंगीत आवृत्ती उघडलीत तर आधी कडेची पट्टी वाचा, मगच ढगाकडे बघा. प्रत्येक संकेतस्थळाची रंगपट्टी वेगळी असते. एका ठिकाणी लाल म्हणजे उणे ७० अंश, तर दुसरीकडे लाल म्हणजे तापलेली जमीन. लाल रंग बघून लोक घाबरतात आणि तसंच चित्र गटात पुढे पाठवतात.

तिसरं बाष्पाचं चित्र. ते हवेच्या मधल्या आणि वरच्या थरांतली ओल दाखवतं: पांढरं तिथे ओल, काळं तिथे कोरडं. जमिनीलगतच्या हवेबद्दल ते काहीच बोलत नाही. याचा उपयोग द्राक्षाच्या हंगामात होतो, ते पुढे येईलच.

एकच चित्र बघून निष्कर्ष काढू नका. दृश्य आणि अवरक्त शेजारी-शेजारी ठेवले की ढगाची जात कळते. दोन्हींत झगझगीत पांढरा असेल तर उंच आणि दाट ढग, म्हणजे पावसाचा. दृश्य चित्रात पांढरा आणि अवरक्तात करडा असेल तर खालचा, उबदार ढग. अवरक्तात पांढुरका पण दृश्य चित्रात जेमतेम, खालची जमीनही दिसते, तर तो फार उंचावरचा पातळ हिमकणांचा ढग. तो उन्हाचा जोर कमी करेल, पण जमीन भिजवणार नाही. फेब्रुवारीत असा पातळ पट्टा बघून काहीजण द्राक्षाची तोडणी घाईने उरकतात. त्याची गरज नसते.

वळीव: दुपारी दोन ते रात्री आठ

मार्च ते मे, माण-खटाव, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ, तासगाव, मिरज या भागासाठी हे सर्वांत कामाचं आहे. इथे उपग्रह खरोखर हातात हात घालून चालतो, कारण वळवाचा ढग उंच असतो. त्याचा माथा बारा-पंधरा किलोमीटरवर, तापमान उणे ६० अंश किंवा त्याहूनही खाली, आणि शेजारची जमीन तापून चाळीसच्या वर गेलेली. अशा जमिनीवर तो ढग लपू शकत नाही.

सकाळी दहाला एकदा आभाळ बघा, त्यानंतर दुपारी दोनपासून दर अर्ध्या तासाने. सुरुवात दृश्य चित्राने करा. कापसाच्या बोंडासारखे बारीक पुंजके उठायला लागले की आपल्यापासून शंभर किलोमीटरच्या आतले तेवढे लक्षात ठेवा. त्यातले बरेचसे विरून जातात. जो वाढतो तो अवरक्त चित्रात दिसू लागतो, तेव्हा त्याच्या माथ्याचं तापमान लिहून ठेवा. अर्ध्या तासात ते पंधरा अंशांहून जास्त घसरलं तर ढग जोरात वाढतोय. नुसता आकार वाढला आणि तापमान तिथेच राहिलं, तर त्याचा जोर बहुधा संपत आलेला असतो आणि वरचं छत्र फक्त पसरत असतं.

या छत्राबद्दल नीट समजून घ्या. वळवाचा ढग वर जाऊन अडला की त्याचा माथा वरच्या वाऱ्याबरोबर ऐरणीसारखा एका बाजूला पसरतो. अवरक्त चित्रात ते पसरलेलं छत्रही पांढरं दिसतं, आणि तीन तालुके ढगाखाली गेल्यासारखे वाटतात. पाऊस मात्र त्यातल्या छोट्या भागाखालीच असतो. तो भाग असा ओळखा: छत्राची एक कड कापल्यासारखी धारदार असते आणि दुसरी तंतू सुटल्यासारखी धूसर. सर्वांत थंड गाभा धारदार कडेजवळ असतो. ढगाची गती काढताना हा गाभा मोजा, छत्राची कड मोजू नका. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात दृश्य चित्रात माथ्यावर फुगवटा दिसला तर ढग अजून जोमात आहे.

दिशा काढायला किमान तीन चित्रं लागतात. जुन्या माणसांचा अनुभव वळीव पूर्वेकडून येतो असा आहे, आणि आमच्या भागात तो पुष्कळदा खरा ठरतो. तरी दर वेळी मोजा, कारण वाऱ्याची दिशा बदलली की तो बदलतो. शिवाय एका ढगातून कोसळलेली गार हवा जमिनीलगत पुढे धावते आणि दहा-वीस किलोमीटरवर नवा ढग उभा करते. असा ढग आधीच्या कुठल्याच चित्रात नसतो. म्हणून शेजारच्या तालुक्यात वळीव चालू असेल तर स्वतःवर निरभ्र दिसत असूनही ताडपत्री हाताशी ठेवा.

गारा पडतील का, हे चित्र सांगत नाही. वीजही या चित्रात दिसत नाही. त्यासाठी पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं 'दामिनी' ॲप घ्या. ते जमिनीवरच्या यंत्रणेतून वीज टिपतं आणि आपल्या भोवतीच्या २० व ४० किलोमीटरच्या वर्तुळात सूचना देतं. रानात माणसं कामाला असतील तर बेदाणा नंतर, आधी हे उघडा.

आणखी एक सूचना. वाऱ्याच्या रंगीत रेषा दाखवणाऱ्या ॲपमध्ये पावसाचा जो थर दिसतो तो बहुतेक वेळा संगणकाने काढलेला अंदाज असतो, उपग्रहाने पाहिलेला पाऊस नव्हे. दोन्ही एकाच नकाशावर सुंदर दिसतात. कुठला थर चालू आहे ते वाचल्याशिवाय त्यावर निर्णय घेऊ नका.

घाटातला मॉन्सून: इथे चित्राला मर्यादा आहे

आता मेहुण्यांच्या पाटणकडे येऊ. जून ते सप्टेंबर अरबी समुद्रावरून पश्चिमेचा दमट वारा येतो, सह्याद्रीच्या भिंतीला धडकतो आणि वर चढायला लागतो. ढग डोंगराला चिकटूनच तयार होतात आणि तिथेच रिकामे होतात. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. तिथून सरळ रेषेत पूर्वेला शंभर किलोमीटरवर, माण तालुक्यातल्या दहिवडीकडे, तो पाचशेच्या आसपास येतो. एकाच जिल्ह्यात दहापट फरक.

घाटातल्या या पावसाला वळवासारखा उंच ढग लागत नाही. बऱ्याचदा माथा चार-सहा किलोमीटरवरच असतो, तापमान शून्याच्या आसपास, कधी त्याहूनही उबदार. आत थेंब थेंबाला मिळून मोठा होतो आणि पडतो, वर बर्फ व्हायची वाट बघत नाही. अवरक्त चित्रात असा ढग फिकट करडा दिसतो. उपग्रहाला फक्त ढगाचं डोकं दिसतं, पोटात काय चाललंय ते नाही. याउलट, त्याच दिवशी समुद्रावरून आलेलं उंच छत्र सांगलीवर पांढरंधोप दिसतं आणि खाली नुसती भुरभुर असते. चित्र बघणारा म्हणतो सांगलीत जोर, कोयनेत उघडीप. नदी नेमकं उलटं सांगते.

रडारची अडचणही इथे वेगळी नाही. आपल्याला जवळची हवामान विभागाची रडार मुंबई आणि गोव्याची. गोव्याच्या रडारचा सर्वांत खालचा किरण सांगलीपर्यंत येता येता पृथ्वीच्या गोलाईमुळे तीन-चार किलोमीटर उंचीवर गेलेला असतो. डोंगराला टेकलेला पाऊस बराचसा त्याच्या खालून निसटतो. महाबळेश्वरला आयआयटीएमने २०१२ मध्ये ढगांच्या अभ्यासाची उंचावरची प्रयोगशाळा काढली, यावरून हे ढग किती वेगळे आहेत याची कल्पना येईल.

मग घाटासाठी उपग्रह बघायचा कशाला? दोन गोष्टींसाठी. पहिली, चित्र मोठं करून पूर्ण अरबी समुद्र बघा. कोकण किनाऱ्यासमोर ढगांची लांब रांग उभी असेल आणि सहा-आठ तास हलत नसेल, तर घाटाला बाष्पाचा पुरवठा चालू आहे असं समजा, मग डोंगरावरचा ढग करडा दिसो की पांढरा. दुसरी, ती रांग तुटायला लागली, समुद्रावर मोकळी जागा दिसायला लागली, की जोर ओसरण्याची आशा धरता येते.

पाण्याचा हिशेब मात्र पर्जन्यमापकावरच करा. कोयनानगर, नवजा आणि महाबळेश्वर या तीन ठिकाणांचे आकडे पावसाळ्यात रोज प्रसिद्ध होतात. त्यासोबत धरणाची आवक, विसर्ग आणि सांगलीच्या आयर्विन पुलावरची पातळी बघा. तिथे ४० फुटांवर इशारा आणि ४५ फुटांवर धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये ती ५७ फुटांच्या वर गेली होती. सांगलीत ऊन पडलं तरी पूर वाढू शकतो, कारण पाणी कराडच्या प्रीतिसंगमावरून खाली येतं, आपल्या आभाळातून नाही. नदीकाठच्या माणसाने जनावरं हलवायचा निर्णय उपग्रहाच्या चित्रावर कधीच घेऊ नये. तो निर्णय प्रशासनाच्या इशाऱ्यावर आणि पुलाच्या फुटांवर घ्यायचा.

छाटणीनंतरचे दिवस

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये द्राक्षबागा फुलोऱ्यात असताना दोन दिवसांचा पाऊस डाऊनी या बुरशीरोगाला आणि घडकुजीला पुरेसा होतो. इथे अर्ध्या तासाच्या चित्रापेक्षा तीन-चार दिवसांची चाल महत्त्वाची. २०१९ मध्ये ऑक्टोबरच्या शेवटी अरबी समुद्रात 'क्यार' आणि लगेच 'महा' अशी दोन चक्रीवादळं झाली. केंद्रं आपल्यापासून दूर होती, तरी या काळातल्या पावसाने द्राक्षबागांची दैना केली. तेव्हापासून मी या दिवसांत रोज सकाळी बाष्पाचं चित्र बघतो. समुद्रातून महाराष्ट्राकडे पांढरा पट्टा वळलेला दिसला आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही तुटला नाही, तर हवामान विभागाचा अंदाज पुन्हा वाचतो आणि फवारणीचं नियोजन त्याप्रमाणे बदलतो. पट्टा काळा पडून तुटला तर वरची हवा कोरडी होतेय.

डिसेंबर-जानेवारीतलं धुकं अवरक्त चित्रात दिसत नाही, कारण धुक्याचं आणि जमिनीचं तापमान जवळजवळ सारखंच असतं. रॅपिडमधलं रात्रीचं 'मायक्रोफिजिक्स' चित्र दोन तरंगलांबींतला फरक वापरतं, त्यात ते वेगळ्या रंगात उठून दिसतं. सूर्य वर आल्यावर दृश्य चित्र बघा. कृष्णा-वारणेच्या खोऱ्यात दूध सांडल्यासारखा सपाट पांढरा भाग दिसेल. चित्रं चालवली तरी तो जागचा हलत नाही, फक्त कडेकडून आत विरत जातो. ढग असता तर सरकला असता.

वर्ल्डव्ह्यूचा उपयोग अशाच दिवसांत. तिथली चित्रं ध्रुवांवरून फिरणाऱ्या उपग्रहांची, दिवसातून मोजक्या वेळा, पण जास्त बारीक. साखर कारखान्यांच्या हंगामात त्यावर आगींचा थर लावून बघा. पाचट पेटवलेल्या रानांचे ठिपके कृष्णाकाठी दिसतील आणि त्या दिवशी हवा इतकी धुरकट का, ते कळेल.

पाऊस किती पडला: अंदाज आणि मोजमाप

उपग्रहावरून काढलेले पावसाचे आकडेही मिळतात. त्यात नासाचा 'आयमर्ज' चांगला, कारण तो अनेक उपग्रहांवरच्या सूक्ष्मलहरी उपकरणांची मदत घेतो, आणि सूक्ष्मलहरी ढगाच्या पोटातलंही थोडं सांगतात. दर अर्ध्या तासाचा आकडा, साधारण दहा किलोमीटरच्या चौकोनाचा. पण दहा किलोमीटरच्या चौकोनात घाटमाथा आणि पायथा दोन्ही येतात, म्हणून सह्याद्रीवर तोही बरेचदा कमी दाखवतो.

घरी पर्जन्यमापक ठेवा. सरळ उभ्या भिंतींचं कुठलंही भांडं चालतं. भिंती तिरप्या नकोत. भांडं झाडापासून आणि छपरापासून लांब, उघड्यावर, जमिनीवर घट्ट बसवा. रोज सकाळी साडेआठला मोजा, कारण हवामान विभागाचा पावसाचा दिवस साडेआठ ते साडेआठ असतो. आयमर्जचा दिवस मात्र यूटीसीप्रमाणे, म्हणजे आपल्या पहाटे साडेपाच ते साडेपाच. पहाटे सहाला मोठी सर आली तर एकाच्या हिशेबात ती कालची आणि दुसऱ्याच्या हिशेबात आजची. असे दोन आकडे जुळत नाहीत म्हणून कुणालाही खोटं ठरवू नका, आधी तास बघा.

माझ्या वहीत पाच रकाने आहेत: तारीख, माझ्या भांड्यातला पाऊस, आमच्या मंडलातल्या महावेध या स्वयंचलित हवामान केंद्राचा आकडा, आयमर्जचा आकडा, आणि आदल्या दिवशी ढगाच्या माथ्याचं सर्वांत कमी तापमान. शेवटच्या दोन ओळी मी पाटणच्या फोनसाठी मोकळ्या ठेवतो. मेहुणे सकाळी नऊच्या आत त्यांच्या भांड्यातला आकडा सांगतात आणि मी त्यासमोर उपग्रहाचा लिहितो. वळवाच्या पानांवर दोन्ही बाजू बऱ्यापैकी जवळ असतात. जुलैच्या पानांवर डावीकडचा आकडा उजवीकडच्याच्या दुप्पट-तिप्पट निघतो, आणि आता तो तसा निघाला की आम्ही दोघंही लगेच आयर्विन पुलाची पातळी बघतो.